नंदूची चढाई आणि माझा पाय

कबड्डीचा एक अंतिम सामना कोणी जिंकून दिला, यावर आमच्या गल्लीत सुरुवातीला दोन मतं होती. एक मत असं की तो माझा धाकटा भाऊ नंदू यानं जिंकून दिला. दुसरं मत असं की तो मी जिंकून दिला. मला कबड्डी खेळता येत नाही.

पंचवटीतल्या आमच्या गल्लीच्या मंडळाचे तेव्हा दोन संघ होते. 'अ' संघ म्हणजे मंडळाची शान. त्यांना नवे गणवेश, सामन्याआधी केळी, आणि जिंकून आले की गल्लीच्या तोंडापासून ताशा. 'ब' संघ म्हणजे 'अ' संघात न मावलेले, वयानं उतरलेले, गुडघ्यानं गेलेले, आणि अध्यक्षांचा भाचा. यांना 'अ' संघाचे जुने गणवेश मिळायचे. (पाठीवरचे आकडे धुऊन धुऊन पार गेलेले. पंच त्यांना 'ओ निळे' अशी हाक मारायचे.) नंदू या निळ्यांचा कप्तान. सकाळी भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचा आणि संध्याकाळी मैदानात लोकांचे पाय धरायचा.

आमच्या गल्लीत सोनवणे काकांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी कबड्डीची चर्चा चाले. 'अ' संघाच्या एकेका चढाईवर लोक आठवडाभर बोलत. 'ब' संघाबद्दल एकच वाक्य असे, "हरले का? बरं." नंदू तिथं कोपऱ्यात बसून हे ऐकायचा. त्या वर्षी 'ब' संघ कसा कोण जाणे अंतिम फेरीत पोचला. आदल्या दिवशी नंदू गुडघ्याला तेल लावत मला म्हणाला, "दादा, डॉक्टर म्हणतो हे शेवटचं. कपचं मला काही नाही. पण एकदा ओट्यावर माझ्या चढाईवर चर्चा झाली पाहिजे. एकदाच." मी त्याला म्हटलं, काळजी करू नको, आम्ही सगळे येतो. आम्ही गेलो नसतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

कारण आमच्या गल्लीची एक ठाम श्रद्धा होती. सामना खेळाडू जिंकत नाहीत, बघणारे जिंकतात. टीव्हीवर क्रिकेट लागलं आणि आपला फलंदाज चौकार मारत सुटला, की सोनवणे काका हात वर करून सांगायचे, "आता जो जिथं आहे तिथंच राहील." मग जो जिथं असेल तो तिथंच. एकदा खुद्द सोनवणे काकू कणकेच्या हातानं दारात तासभर उभ्या राहिल्या होत्या. सामना जिंकला, पोळ्या झाल्या नाहीत, आणि काकांनी ब्रेड आनंदानं खाल्ला. या शास्त्रातला त्यांचा शब्द शेवटचा असे.

अंतिम सामना घोटीला होता. भाताची कापणी झालेल्या खाचरात मैदान आखलं होतं आणि भोवती बांबू बांधून कठडा केला होता. समोर विंचूरचा संघ. आम्ही नंदूच्या ओळखीच्या भाजीच्या टेम्पोतून गेलो. घोटी म्हणजे माझी सासुरवाडी. सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, स्पर्धेच्या समितीवर होते आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर टोपी सावरून बसले होते. नाना फार कमी बोलणारे. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी दोनच विषयांवर बोलले होते, पाऊस झाला का आणि पाऊस होईल का. आजूबाजूच्या मानकऱ्यांना मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं, "आमचे जावई येतेत. सरकारी हापिसात हायेत. लय शांत माणूस."

पहिल्या डावात निळ्यांची धूळदाण उडाली. विंचूरनं आमच्यावर लोण चढवलं, म्हणजे आमचे सातच्या सात बाद केले. सोनवणे काका म्हणाले, "चला, भजी तरी खाऊ." भजी आणायला अर्थातच मी. मध्यंतर संपून खेळ सुरू झाला तरी गाडीवाल्याचा घाणा काही उतरेना. शेवटी गरम कांदाभज्यांचा मोठा पुडा घेऊन निघालो तर गर्दीतून वाट नाही. म्हणून कोपऱ्यातून बांबू ओलांडून आत शिरावं आणि कडेकडेनं आपल्या माणसांकडं जावं, असं ठरवलं. एक पाय आत टाकला. दुसरा बाहेर. तेवढ्यात बायको, मंगल, पलीकडून ओरडली, "अहो, मिरच्या?"

मी मान वळवून मागं गाडीकडं पाहिलं. आणि माझ्या पाठीमागं मैदानात गलका झाला. नंदूनं एका चढाईत दोघांना बाद केलं होतं.

"वसंता, हलू नको," सोनवणे काकांचा आवाज आला.

"काका, मी बांबूवर आहे."

"बांबूवरच राहा."

मला वाटलं, एका चढाईपुरतं असेल. पण पुढच्याच मिनिटाला आमच्या पोरांनी विंचूरचा खंदा गडी पकडला. झालं. आमची सगळी माणसं उठून माझ्याभोवती आली. मी मान सरळ करू पाहिली तर काका म्हणाले, "मानसुद्धा नाही. जशी होती तशी."

"अहो, मला सामना दिसत नाहीये."

"तुला दिसत होता तेव्हा आपण हरत होतो," काका म्हणाले. मी मान होती तशी परत वळवली.

तर परिस्थिती अशी. माझा सख्खा भाऊ आयुष्यातला शेवटचा सामना खेळतोय, आणि मी एक तंगडी आत, एक बाहेर टाकून, मान मैदानाकडून फिरवून, छातीशी गरम भजी धरून उभा. तेल पुड्यातून शर्टात आणि शर्टातून माझ्यात उतरत होतं. त्या बाजूला मला दिसत होते ते फक्त पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेले नाना. नानांनाही मी दिसत होतो. शेजारच्या मानकऱ्यानं माझ्याकडं बोट दाखवून त्यांना काहीतरी विचारलं. नानांनी मान हलवून नाही म्हटलं आणि टोपी जरा पुढं ओढली. (त्यानं काय विचारलं हे मी आजतागायत विचारलेलं नाही.)

इकडं निळ्यांनी लोण फेडलं. गुण जवळ आले. मग विंचूरच्या समर्थकांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यातला एक मिशाळ पैलवान उठून पंचांकडं गेला. "पंच, तो माणूस मैदानात हाय. त्याला भाईर काढा."

पंचांनी शिट्टी मारली. खेळ थांबला. पंच माझ्याजवळ आले. "कोण तुम्ही? बाहेर व्हा."

"बाहेरच आहेत ते," सोनवणे काका मध्ये पडले. "एक पाय बाहेर आहे ना."

"अन् एक आत हाय," पैलवान म्हणाला. "कबड्डीत गड्याचं बोट रेषेपल्याड गेलं तरी गडी गेला. मग ह्याचा तर आख्खा पाय गेलाय."

"असं म्हणता? मग बाहेरच्या पायाची बोटं कुठं गेली?"

पंच खरंच विचारात पडले. त्यांनी वाकून माझे दोन्ही पाय पाहिले. मी सरकारी आवाजात म्हणालो, "मी निघतो ना. मला काही अडचण नाही." मंगलनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "हललात तर बघा. भावजींचा शेवटचा सामना आहे." माहेरच्या गावात, बापासमोर, तिला माझ्या अब्रूपेक्षा दिराच्या गुणांची काळजी. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

शेवटी पंचांनी निकाल दिला की माणूस कठड्याबाहेर पाहिजे, मग तो कसा उभा राहतो हा त्याचा प्रश्न. सोनवणे काकांनी त्यातून वाट काढली. त्यांनी कोपऱ्यावरच्या त्या एका बांबूच्या दोऱ्या सोडल्या. दोघांनी तो दोन्ही टोकांना धरला आणि काका म्हणाले, "बांबूसकट मागं ये. बांबू हलला तर चालतं." आणि मी, पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक, दोन पायांत बांबू, मान मागं, हातात भजी, असा लहान मुलं काठीचा घोडा करतात तसा टुणूक टुणूक मागं आलो. आख्ख्या घोटीनं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी इतक्या टाळ्या विजेत्या संघालाही पडल्या नाहीत.

त्यानंतरचा सामना मी नानांच्या चेहऱ्यावर पाहिला. आधी ते टोपीखाली होते. मग टोपी वर गेली. मग ते खुर्चीच्या काठावर आले. शेवटी शेवटी सगळीकडं एकदम चिडीचूप झालं. नंदूचा 'कबड्डी कबड्डी' तेवढा ऐकू येत होता, आणि मध्येच तो घुसमटला, म्हणजे त्याला धरलं असणार. नाना खुर्चीवर उभे राहिले. धोतर सावरत, टोपी हातात घेऊन, तो कमी बोलणारा माणूस ओरडला, "हात टाक! हात टाक!" आणि मैदान कोसळल्यासारखा आवाज झाला. नंदूनं सामना जिंकला होता.

मी बांबूवरून उतरलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. भजी मात्र लोकांनी काढून घेतली, शुभ म्हणून.

परतीच्या टेम्पोत जी चर्चा सुरू झाली, ती ऐकायला नंदू मांडीवर कप घेऊन, गुडघ्याला रुमाल बांधून, कान टवकारून बसला होता. "आतला पाय डावा होता," कोणी म्हणालं. "उजवा." "अरे, मी स्वतः बघत होतो, डावा." "भजी नसती तर जमलं नसतं." "मान महत्त्वाची." नंदू एकेकाच्या तोंडाकडं पाहत होता. मग तो कपाकडं पाहू लागला. मला ते बघवेना.

मी म्हणालो, "अरे, माझा पाय काय घेऊन बसलात? नंदूच्या शेवटच्या चढाईवर बोला."

"बोला ना," सोनवणे काका म्हणाले. "कशी होती?"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी काय सांगणार? माझी मान भजीच्या गाडीकडं. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, तुम्ही समोर होता." काका अध्यक्षांकडं पाहू लागले, अध्यक्ष मंगलकडं. मंगल म्हणाली, "मी यांचा दंड धरला होता. हे हलतात की काय, इकडंच लक्ष." हळूहळू उघडकीला आलं ते असं की शेवटच्या चढाईला आमच्या गल्लीतला एकूण एक माणूस, संघातल्या पोरांसकट, माझा पाय बघत होता. नंदूची चढाई आमच्यातल्या कोणीही पाहिलेली नव्हती.

नंदूनं एवढंच म्हटलं, "असू दे. जिंकलो ना." आणि बाहेर बघू लागला. मला इतकं वाईट आयुष्यात क्वचित वाटलं असेल.

"नानांनी पाहिली," मी म्हणालो. "खुर्चीवर उभं राहून पाहिली. टेम्पो वळवा."

वाडीवऱ्ह्याच्या अलीकडून टेम्पो वळला. दिवेलागणीला आख्खी गल्ली माझ्या सासऱ्यांच्या अंगणात. नाना ओसरीवर चहा घेत होते. मी धापा टाकत म्हणालो, "नाना, नंदूची शेवटची चढाई कशी होती? आमच्यातल्या कोणी पाहिली नाही."

नानांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग कप खाली ठेवला, टोपी मंगलकडं दिली आणि अंगणात उतरले. "असा गेला," म्हणाले, आणि साठी उलटलेले नाना धोतर खोचून चवड्यांवर अंगणभर नाचू लागले. "डावीकडं जाऊन दाखीवलं, अन् उजवीकडच्याला पायानं टिपलं. त्यो पडला. मंग कोपऱ्यावरच्यानं घोटा धरला. जावईबापू, घोटा धरा."

"नाना, तुमचा?"

"मंग कुनाचा? धरा."

जिथं लग्नात माझे पाय धुतले होते, त्याच अंगणात मी सासऱ्यांचा पाय ओढत पालथा पडलो. वरून सोनवणे काका पडले, कारण नंदूवर दुसराही एक पडला होता. नाना आम्हा दोघांना घेऊन तुळशीकडं सरपटत निघाले. "दम सुटंना त्याचा. तोंडात माती, पन कबड्डी चालूच. अन् हे एवढं, एवढंच राहिलं व्हतं..." त्यांनी हात लांब केला आणि तुळशीच्या ओट्याला बोटाचं टोक लावलं. "टेकला! लय भारी गडी. आसा गडी म्या आख्ख्या जन्मात नाय पाह्यला."

नंदू कप घट्ट धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी येत होतं. मग तो म्हणाला, "नाना, परत एकदा सांगा ना." आणि नानांनी सांगितलं. (परत एकदा माझ्याकडून घोटा धरवून.)

परतताना टेम्पोत नंदूच्या चढाईशिवाय दुसरा विषय नव्हता. नाशिक येईपर्यंत अध्यक्षांना उजवीकडचा गडी पडलेला स्पष्ट आठवू लागला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सोनवणे काका सांगत होते, "माझ्या डोळ्यांदेखत बोट टेकलं." आठवड्याभरात जे घोटीला आलेच नव्हते, त्यांनीही ती चढाई पाहिलेली होती. नंदू रोज कोपऱ्यात बसून ऐकायचा, आणि त्याचं पोट काही भरत नसे.

मध्ये एकदा मीही तोंड उघडलं. म्हटलं, "आणि काय सांगू, तो कोपऱ्यावरचा गडी असा काही झेपावला..."

"दादा, तू थांब," नंदू म्हणाला. "तू पाहिली नाहीस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ते खरंच होतं. माझी मान कुठं वळलेली होती, याला आख्खं घोटी साक्षीला होतं. त्यामुळं पंचवटीत ती फायनल न पाहिलेला माणूस आज एकच उरला आहे, आणि तो कठड्याला चिकटून उभा होता.