उसना मामा

नाताळच्या सुट्टीत सासरी जायचं म्हणजे काय, हे दोन लहान लेकरं घेऊन चांदूर रेल्वेहून अमरावतीला गेलेल्या बाईलाच विचारावं. अंतर म्हणाल तर काहीच नाही. सकाळी निघालं तर जेवायला अमरावतीत. पण मध्ये बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे, आणि बडनेऱ्याच्या फलाटावर आमच्या संसाराची दरवर्षी परीक्षा होई. हे शाळेत मास्तर. वर्गभर पोरं नुसत्या नजरेच्या धाकात ठेवत, पण स्वतःची दोन सांभाळायची म्हटली की यांना एकदम सामानाची काळजी वाटू लागे. मग हे वळकटीवर बसून राहत, आणि मी थोरलीला पाणी, धाकट्याला शू, की पुन्हा थोरलीला शू, अशी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे. गाडी लागल्यावर ‘किती हा उशीर’ असं म्हणायचा मान मात्र यांचाच.

सांगते आहे ते वर्ष महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागेचं. धाकट्याला तिसरं लागलं होतं आणि त्याचं जावळ अजून काढायचं होतं. लेकराचे जन्माचे केस पहिल्यांदा काढायचे ते मामाच्या मांडीवर बसवून, आणि तेही विषम वर्षात, ही आमच्याकडची रीत. पहिल्या वर्षी नेमका गोवर निघाला, दुसरं वर्ष सम. तेव्हा आता तिसऱ्यात, पौष लागायच्या आत, अमरावतीच्या घरीच उरकायचं असं सासूबाईंनी फर्मान काढलं होतं. तोवर केस खांद्याखाली आले होते आणि मी त्यांची वेणी घालत असे. गाडीत बाया कौतुकाने विचारत, मुलीचं नाव काय. धाकटा त्यांना चिमटा काढी.

मामा म्हणजे माझा दादा. अकोल्याला जठारपेठेत त्याचं सायकलचं दुकान होतं, आणि त्या दुकानाला कुलूप लागलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. धाकटा माहेरीच जन्मला, तेव्हा पाळण्यात दादाने त्याला बघितलं होतं. पुढे पाहायला सवडच झाली नाही. तरी या खेपेला त्याने येतो म्हणून कळवलं, आणि मी सासरी पाय ठेवल्यापासून दिसेल त्याला ते सांगत सुटले. सासरी आपला भाऊ येणार म्हणजे बाईच्या अंगावर मूठभर मांस चढतं. माझ्या अंगावर तेव्हा पसाभर चढलं असावं.

घरात सासूबाईंखालोखाल हुकूम चालायचा तो माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. बाई कामाला वाघ आणि बोलायला तिखट. पाहुण्याला दुसऱ्यांदा भाजी वाढताना ‘घ्या, लाजून पोट भरत नाई’ असं म्हणायच्या आणि तिसऱ्यांदा विचारायच्या नाहीत. त्यांचा मुलगाही माझ्या धाकट्याएवढाच. दोघांत दोन-तीन महिन्यांचा फरक. त्याचीही वेणी. वर सासूबाईंचा नियम असा की सुनांच्या लेकरांत दुजाभाव करायचा नाही, म्हणून कापड आणत ते एकाच ताग्याचं. त्या हिवाळ्यात दोघांनाही तपकिरी चौकटीचे कोट आणि तसल्याच टोप्या शिवल्या होत्या. पाठमोरे उभे राहिले तर मलासुद्धा क्षणभर थांबावं लागे.

फरक एवढाच की त्याला मामा नव्हता. जाऊबाई आईबापांची एकुलती एक. आईबापही आता राहिले नव्हते. लांबचा कुणी चुलतमामा शोधावा, शेजारचा बसवावा, असं घरात दोन वर्षं चाललं होतं, आणि जाऊबाई दोन वर्षं नाही म्हणत होत्या. गल्लीतली पोरं त्याला ‘ताई’ म्हणून चिडवत. जाऊबाई रोज शिकेकाईने त्याचे केस धूत, उन्हात वाळवत आणि गुंता सोडवताना कुणाशी बोलत नसत.

जावळाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघी अंगणात तुरीचे सोले काढत बसलो होतो. सासूबाईंनी शेंग सोलता सोलता विषय काढला. हिचा भाऊ येतोच आहे, न्हावीही येतो आहे, तर एकाच मांडीवर दोघांचंही होऊन जाऊ दे. खरं सांगायचं तर माझ्या भावाची मांडी मला माझ्याच लेकासाठी हवी होती. इतक्या वर्षांनी येणार, आणि तोही वाटून घ्यायचा?

जाऊबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. “उसनं मीठ आनते मानूस, उसनं विरजन आनते,” त्या म्हणाल्या. “मामा नाई आनत उसना. उद्या परत कसा करू मी तो?”

सासूबाई म्हणाल्या, मग पाचव्या वर्षापर्यंत पोराला वेणीत ठेव. जाऊबाई म्हणाल्या, ठेवीन. सोले मात्र त्यानंतर इतक्या भराभर निघाले की संध्याकाळच्या भाजीला पुरून उरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी येऊन ओसरीवर बसला. आम्ही बायका मागे चुलीपाशी, पुरणाच्या गडबडीत. हे टांगा करून दादाला आणायला स्टेशनवर गेले. माझे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, ओसरीवरच्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. घरातल्या कुठल्याही कामात न पडणं हे त्यांनी आयुष्यभर कामासारखं पार पाडलं.

पण दादा अमरावती स्टेशनवर उतरलाच नाही. सायकलच्या दुकानदाराने टांग्यात बसायचं हे त्याला कमीपणाचं वाटे. त्याने अकोल्याहून गाडीत सायकल चढवली होती, बडनेऱ्याला ती उतरवली आणि तिथून तो पॅडल मारत थेट आमच्या अंगणात आला. हे तिकडे स्टेशनात प्रत्येक डब्यात डोकावत बसले.

अंगणात एक पोरगा उकडलेल्या शेंगा खात उभा होता. वेणी, चौकटीचा कोट, टोपी. माझा धाकटा न्हाव्याची पेटी बघताच परसातल्या कडब्यामागे जाऊन दडला होता आणि थोरली त्याला बोरं पुरवत होती. पण हे दादाला काय माहीत? त्याने सायकल भिंतीला लावली, पोराला उचललं आणि ओसरीवर मांडी घालून बसला. आमच्या माहेरी अशी पद्धत की पहिली बट मामाने स्वतः कापायची, मग न्हाव्याने पुढचं करायचं, आणि बायकांनी ओवाळायला यायचं ते डोकं झाल्यावर. तीच पद्धत सगळ्या वऱ्हाडात असेल असं धरून त्याने न्हाव्याकडे कात्री मागितली.

न्हावी घरचाच होता. त्याने एकदा विचारलं, हाच का? आणि विचारून भासऱ्यांकडे पाहिलं. भासऱ्यांनी पान उलटलं.

“मामाले भाचा वळखू येत नाई का?” दादा म्हणाला. “नाक पाहा ना. आमच्या घरचं नाक आहे हे.”

ते नाक माझ्या सासूबाईंचं होतं. दोन्ही पोरांना त्यांचंच आलं आहे.

सायकल दिसल्याचं थोरलीने आत येऊन सांगितलं तेव्हा कुठे आमची धांदल उडाली. थोरली सून म्हणून ओवाळणीचं ताट जाऊबाईंच्या हातात. त्या पुढे, सासूबाई मधे, आणि पुरणाचे हात घेऊन मी मागे. ओसरीच्या दारात जाऊबाई एकदम थबकल्या, आणि सासूबाई त्यांच्या पाठीवर आदळल्या. पोराच्या अर्ध्या डोक्यावर काही नव्हतं, आणि उरलेल्या अर्ध्यावर जाऊबाईंनीच सकाळी तेल लावून नीट केलेले केस होते. कापलेली वेणी दादाच्या उपरण्यात व्यवस्थित ठेवलेली होती.

मी ओरडले, “दादा, हा आपला नव्हे.” माझा आवाज आधीच मोठा, त्यात पोराने दचकून मामाच्या गळ्याला मिठी मारली.

मग सगळे एकाच वेळी निर्दोष झाले. न्हावी म्हणाला, मी विचारलं होतं. दादा म्हणाला, मी नाक पाहिलं होतं. सासूबाईंनी भासऱ्यांना विचारलं की तू इथे बसून काय करत होतास. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि शांतपणे सांगितलं, “मले वाटलं तुमी बायांनी ठरवलं असन.”

यावर माझा तेव्हाही विश्वास बसला नाही आणि आजही नाही. वर्तमानपत्राच्या आडून त्या माणसाला दुधाकडे चाललेलं मांजर दिसायचं, आणि स्वतःचा मुलगा दिसला नाही? पण दोन वर्षं बायकोशी वाद घालून जे जमलं नव्हतं ते पान उलटून जमत असेल, तर नवऱ्याने दुसरं काय करावं.

दादाचा चेहरा उतरला. जाऊबाईंची हकिगत मीच त्याला पूर्वी सांगितलेली होती. तो पोराला खाली ठेवायला लागला आणि म्हणाला, बाई, चुकलं माझं, मी उठतो. न्हाव्याने वस्तरा हवेत धरला. अर्धं डोकं भादरून कुणी उठतं का, असं सासूबाई पुटपुटल्या. पण जाऊबाईंकडे बघायची त्यांचीही हिंमत नव्हती. आता ताट आपटणार, एवढंच माझ्या मनात.

जाऊबाईंनी ताट खाली ठेवलं.

“रडला का?” त्यांनी विचारलं.

“नाई,” दादा म्हणाला. “शेंगा खाऊन राहिला. मलेही दिल्या.”

मग त्या सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, “मागून आनला असता तर उसना. मी कोनाले मागाले गेली नाई. हा आपल्या पायानं आला.”

“सायकलनं,” भासरे म्हणाले. घरकामात त्यांनी घातलेली ती पहिलीच भर.

जाऊबाई दादासमोर बसल्या, पदर पसरला आणि न्हाव्याला म्हणाल्या, काढा पुरं. केस झेलायचा मान खरं म्हणजे आत्याचा, पण आमची नणंद तेव्हा लांब होती आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत. डोकं पूर्ण झालं. जाऊबाईंनी दादाला कुंकू लावलं, ओवाळलं. आता मामाने भाच्याला नवे कपडे द्यायचे. दादाने पिशवीतून काढले: पिवळा रेशमी सदरा आणि जरीची लाल मखमली टोपी. अकोल्याच्या बाजारात निवडून आणलेली. अर्थात एकच. ती त्या गुळगुळीत डोक्यावर चढली आणि फारच शोभून दिसली.

मी तडक चुलीपाशी गेले. चांगलं झालं हे मला कळत होतं, आणि कळतं म्हणून राग कमी होत नाही. माझा भाऊ, माझ्या लेकासाठी आणलेली टोपी, आणि माझ्या लेकाला आता काय, उपरणं गुंडाळू? मी पुरणपोळ्या अशा लाटायला घेतल्या की पोळपाट हलायला लागला.

मागून जाऊबाई आल्या. माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि लाटू लागल्या. मी तव्यापाशी सरकले.

“राग आला वं तुले?”

“आला,” मी म्हटलं.

“टोपीचा का भावाचा?”

“दोन्हीचा.”

“टोपी देतो काढून,” त्या म्हणाल्या. “भाऊ नाई देत.”

मी वर पाहिलं तर त्या रडत होत्या. हात पिठाचे, म्हणून मनगटाने डोळे पुसत होत्या आणि पीठ गालाला लागत होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या आईच्या तेराव्यालासुद्धा त्यांनी पन्नास पानं वाढली होती. मी तव्यावर पोळी टाकली आणि म्हटलं, “राहू द्या. मले एकटीले झेपत नवता तो.”

तेवढ्यात ओसरीवरून धाकट्याची किंकाळी आली. त्याला कडब्यातून ओढून काढलेलं दिसत होतं. मी तव्यावरून हात काढेपर्यंत जाऊबाई लाटणं टाकून दारात पोचल्या आणि तिथूनच ओरडल्या, “दादा, पाय धर रे त्याचे, लाथा मारते तो.”

त्याला दादा म्हणणारी तोवर मी एकटीच होते. मी पुन्हा खाली बसले आणि पोळी उलटली. ती एका बाजूने पार करपली होती.