डिस्क घरी येऊन न्यावी

आपल्या मालकीची वस्तू हातात घेऊन बघण्याचं सुख माझ्या थोरल्या साडूंइतकं अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी भोगलं नसेल. वय पंचावन्न, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझरची, आणि नाद व्हिडिओ गेमचा. तोही फक्त डिस्कवरच्या. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला पावणं. लोक बैठकीच्या काचेच्या कपाटात डिनर सेट मांडतात. दाजींच्या कपाटात गेमच्या डब्या ओळीनं उभ्या, आणि आक्कांचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, डिनर सेट माळ्यावर. नवी डबी आली की आधी तिचा वास घ्यायचा, मग भोकात बोट घालून डिस्क उचलायची, उजेडाला धरायची आणि तिच्यावर नसलेली धूळ जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची. गेम सुरू व्हायला यात अर्धा तास जाई. एकदा मी म्हणालो, "दाजी, आता सगळं डाउनलोड होतं." तर म्हणाले, "ते खंडानं केलेलं रान हाय, पावणं. मालक सोड म्हणला की सोडायचं. ही डिस्क माझी हाय."

एवढा जीव असूनही मागितलेली डिस्क त्यांनी कधी कुणाला नाकारली नाही. अट एकच, कागलला घरी येऊन न्यायची आणि घरी येऊनच परत द्यायची. नेणारे आम्ही चौघं: मी, माझा धाकटा मेहुणा आणि त्याचे दोन मित्र. मेहुण्यानं एकदा ओळखीच्या माणसाबरोबर डिस्क परत पाठवली, तर दाजींनी ती त्याच माणसाबरोबर उलट धाडली आणि वर निरोप दिला, "डिस्कला पाय फुटल्यात काय?" परत द्यायला गेलं की तोंडी परीक्षा. "कुठंपतूर गेलतासा? कुठं अडला?" अडलोय म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "बसा, दाखवा." तोवर आत आक्कांनी भात टाकलेला असायचा. स्वतः दाजींचं खेळणं म्हणजे आनंदच होता. पहिल्याच वळणावर गाडी खड्ड्यात घालायचे आणि रस्त्याला नावं ठेवायचे. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हापासून रविवारी घरात माणसं लागायची त्यांना, गेम हे निमित्त होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी टीव्हीला जोडायचा, डिस्क न लागणारा गेमचा कन्सोल घेतला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण शहाणपणा अंगात मावेना. मेहुण्याला घ्यायला लावला, त्याच्या मित्रांनाही लावला. कागलच्या खेपा वाचल्या म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. दाजींना सांगायचं तेवढं राहून गेलं. राहून गेलं हेही खोटंच. सांगायचा धीर झाला नाही.

चारपाच रविवार कुणीच फिरकलं नाही, तेव्हा दाजीच नवी डिस्क घेऊन स्कूटरवरून कोल्हापुरात माझ्या दारी आले. डिस्क पोचती करायला ते पहिल्यांदाच कुणाकडे गेले असतील. त्यांनी माझा कन्सोल उचलला, उलटा केला, बाजारात म्हैस बघावी तसा चहूबाजूंनी चाचपला.

"ह्याला तोंडच न्हाय की."

"आता लागत नाही दाजी," मी म्हणालो. "चौघांनीही असलेच घेतलेत."

"व्हय व्हय. बरं हाय की. खेपा वाचल्या."

चहा घेतला, चहाला बायकोसमोर चांगलं म्हणाले, आणि डिस्क रुमालात गुंडाळून परत घेऊन गेले. रागावले असते तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. पण ते रागावले नाहीत, आणि मी शरमेनं जवळजवळ दोन वर्षं त्यांच्याकडे गेलो नाही. लग्नकार्यात भेटलो की दोघंही पावसापाण्याचं बोलायचो. इतक्या चांगल्या माणसाचे रविवार मी माझ्या सोयीसाठी रिकामे केले, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात न राहवून फोन केला. म्हटलं, "दाजी, रविवारी येऊ का?"

"काय काम काढलंय?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

"काम काय न्हाय. असंच."

मग फोन जरा लांब धरून ते आक्कांना म्हणाले, "अगं, पावणं येतो म्हणत्यात. असंच." आणि पुन्हा मला, जरा चाचरत, "जेवूनच जावा. लगेच जाणार न्हाईसा न्हवं?"