बद्द वाजणारी घागर

मला कमी ऐकू येतं. लहानपणी एक कान फुटला तेव्हा पालममधला जो तो त्यावर घरगुती औषध सांगत होता, आणि त्या औषधांनी दुसराही गेला. यंत्र लावून बघितलं, पण त्यातून गिऱ्हाइकापेक्षा एसटीचा हॉर्नच जास्त ऐकू येतो. आमचं घर कुंभाराचं, स्टँडच्या रस्त्याला मडक्यांचं दुकान. फोनवर माझ्याशी सहसा कुणी बोलत नाही. जे बोलतात ते भांडल्यासारखे ओरडतात.

म्हणून माझा मित्र मला पत्रं लिहितो. तो वणीकडच्या एका कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली, ठेकेदाराच्या माणसांत कामाला आहे. मेसेज पाठव म्हटलं तर त्यानं कळवलं होतं, "कोळशानं बोटं अशी झालीत गड्या, फोन मला वळखतच न्हाई." खरं म्हणजे त्याला लिहायला आवडतं. शाळेत सरांनी त्याच्या अक्षरापुढं हात टेकले होते. मला ते आता छापल्यासारखं वाचता येतं.

पहिली काही वर्षं तो भोकं पाडायच्या मशीनवर होता. मग त्याला मानाचं काम मिळालं. सुरुंग उडाले की आत जायचं, लोखंडी काठीनं डोक्यावरचं छत ठोकून बघायचं, आणि तो 'चला' म्हणाला की मगच बाकीच्यांनी आत यायचं. त्यानं लिहिलं होतं, "तुमची मडकी आन् हितलं छत सारखंच वाजतंय बघ. खणखण वाजलं तर पक्कं. बद्द वाजलं की पळ."

ते वाचून मी दुकानात एकटाच हसलो. भट्टीतून माल निघाला की आमच्याकडं येऊन मडकी वाजवून देणारा तोच तर होता. मला वाजलेलं कळत नाही. मी मडक्यात तळवा लावतो, बाहेरून टिचकी मारतो आणि थरथर हाताला कशी लागते ते बघतो. त्याला वेळ लागतो. तो मात्र नुसत्या टिचक्या मारत पुढं जायचा आणि चिरलेलं मडकं बाजूला ठेवायचा. आई म्हणायची, "देवानं दोघांचे कान ह्या एकट्यालाच दिलेत."

मग पत्रांत एक नवी तक्रार यायला लागली. "हितली माणसं आजकाल लय हळू बोलायलेत." त्याच्या पुढच्या पत्रात, "खोलीत रातकिडे लय झालेत. दिवसा पण गप बसत न्हाईत."

ते पत्र हातात घेऊन मी उभाच राहिलो, समोरच्या बाईला माठ द्यायचंही विसरलो. ते रातकिडे माझ्या ओळखीचे होते. माझे कान जायच्या आधी ते माझ्याकडंच मुक्कामाला होते. त्याच्या खोलीत एकही नसणार. मी लगेच लिहिलं, कान दाखव, आणि तोवर छत ठोकू नकोस. उत्तरात माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी होती, कानाबद्दल अवाक्षर नव्हतं. मला राग आला. भीती त्याहून जास्त वाटली. 'चला' म्हणणारा चुकला तर तो एकटाच मरत नाही.

अक्षय तृतीयेला तो गावी आला. वडील गेल्यापासून त्या दिवशी त्यांच्या नावानं पाणी भरायची घागर तो आमच्याकडूनच नेतो, आणि स्वतः वाजवून नेतो. मी त्याच्यापुढं घागरी मांडल्या. त्यातल्या एकीच्या तळाला बारीक चीर होती. ती मी मुद्दाम ठेवली होती. त्यानं नेमकी तीच उचलली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, ठेव रे बाजूला. त्यानं टिचकी मारली, मान तिरकी केली, परत मारली.

"हीच दे. पक्की हाय."

मी घागर तिवईवर ठेवली आणि तिच्यात पाणी ओतलं. आम्ही दोघं बघत बसलो. जरा वेळानं तळातून पाणी ठिबकायला लागलं.

"मला तपासायलास व्हय?" मी लोकांचे ओठ वाचतो, पण हे तो इतक्या जोरात बोलला की मला ऐकूसुद्धा आलं.

"व्हय," मी म्हणालो. "घागर गळली तर पाणी जातंय. तितं छत खाली येतंय."

"कान गेला म्हणून सांगितलं तर ठेकेदार घरी धाडंल. मग काय करू? तुझी माती तुडवू?"

"तुडव."

घागर न घेताच तो निघून गेला. संध्याकाळी आईनं एक चांगली घागर त्याच्या घरी पोचवली. दुसऱ्या दिवशी तो मला न भेटताच खाणीवर परतला.

त्यानंतर पत्र नाही. पोस्टमन दुकानावरून जायचा तेव्हा मी उगाच मडकी पुसत बसायचो, त्याच्याकडं लक्ष नाही असं दाखवत. रोज वाटायचं, पत्राऐवजी बातमीच येते की काय. उन्हाळा सरला, माठांची गिऱ्हाइकी संपली, आणि एक दिवस पत्र आलं. मी ते दुकानाच्या पायरीवर बसूनच फोडलं.

"सांगितलं. कान तपासले, तू म्हणलास तेच निघालं. घरी न्हाई धाडलं, वर बत्त्यांच्या खोलीत बसवलंय. खाली जाणाऱ्याला डोक्याची बत्ती द्यायची, वर आला की माघारी घ्यायची. माझ्या जागी आता दुसरा छत ठोकायलाय. तो खाली जाताना मी रोज म्हणतो, नीट ऐक रे. तो हसून कायतरी बोलतो, मला ऐकू येत न्हाई. पण बत्ती माघारी आली की मला बरं वाटतंय."

खाली, जागा उरली होती तिथं, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. "मडक्यात तळवा कुठं लावायचा, ते नीट लिहून पाठव. पुढच्या साली बापाची घागर मलाच बघून न्यायचीय."

मी तसाच उठलो, एक घागर पुढ्यात घेतली, तिच्यात हात घातला आणि दुसऱ्या हातानं लिहायला लागलो.