कावळा शिवला म्हणून काढलेला अल्बम

मेलेल्या माणसाच्या अल्बमखाली लोक मोबाईलवरून रडक्या चेहऱ्यांची रांग लावतात ना, ती पाहिली की मला किळस येते. घरातले म्हणतात, एवढं तोंड वाकडं करायला काय झालं, लोकांना आवडतंय ना? तेच तर. लोकांना आवडतंय.

पनवेलजवळच्या करंजाड्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, तर भिंतींना फोम ठोकलेला गाळा, मधे काचेची खिडकी, एक बरा माईक आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सोफा. हळदीची गाणी, निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, यावर माझं पोट चालतं. रॅप मला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ज्यांना गाता येत नाही ते भराभर बोलतात, असं माझं सरळ मत होतं.

ते मत मोडलं एका ट्रेलर ड्रायव्हरने. उरणकडच्या एका गावचा, तिशीच्या आतला, न्हावा शेव्याला कंटेनर ओढणारा. बंदराच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागली की केबिनमध्ये बसून तो ओळी जुळवायचा. बापाचं मिठागर, त्यावर पडलेला भराव, रांगेत पेंगणारे ड्रायव्हर, सगळं त्याच्या गावच्या बोलीत. आवाज खरखरीत, पण शब्द असा टाकायचा की मी काचेपलीकडे मान हलवत बसायचो आणि मग स्वतःवरच चिडायचो.

आणि भयंकर चिकट. एक ओळ मनासारखी येईपर्यंत "काका, अजून एकदा" चालायचं. फसलेल्या ओळी तो ठेवू द्यायचा नाही. माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा आणि मी त्या पुसल्याचं डोळ्यांनी बघूनच खाली बसायचा. मी म्हणायचो, "अरे, राहू दे, जागा खात नाहीत." तो म्हणायचा, "काका, फसलेलं आपलं नाय."

त्या वेळी त्याला ऐकायचं कोण? चार ड्रायव्हर, त्याची बायको आणि मी. गावात त्याची टिंगल व्हायची. नाक्यावर पोरं त्याच्या हातवाऱ्यांची नक्कल करायची. चॅनल त्याचा चुलतभाऊ सांभाळायचा, म्हणजे गाणं टाकायचा आणि त्यापेक्षा जास्त स्वतःचे फोटो टाकायचा.

एकदा तो तरातरा आला. बायकोशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ती पोरीला घेऊन मोऱ्याला माहेरी गेली होती. माईकसमोर उभा राहून त्याने एका दमात जे काही ओकलं, ते मी इथे लिहिणार नाही. तिचा रंग, तिचा दमा, तिची आई, काही सोडलं नाही. त्याचं ध्रुवपद तेवढं सांगतो, कारण पुढे ते सगळ्यांना पाठ झालं: "घरात येव नको, दारात मर." ते कच्चं गाणं त्याने तिथूनच चुलतभावाला पाठवलं आणि निघून गेला.

दोन दिवसांनी परत आला तो बायकोला आणि पोरीला घेऊन. त्या दोघी सोफ्यावर बसल्या. मी चहा मागवला. तो आत येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "काका, ते गानं पुसा. माज्यासमोर पुसा. डोकं फिरलं व्हतं माजं." मी पुसलं. तो खुर्चीमागे उभा होताच. बाहेर त्याची बायको पोरीला बशीत चहा फुंकून देत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. चुलतभावाला फोन करून त्याने त्यालाही पुसायला सांगितलं, आणि तो "हो हो" म्हणाला, हेही मी ऐकलं.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याचा ट्रेलर उलटला. त्यातच तो गेला.

दहाव्याला मी त्याच्या गावी गेलो. तळ्याच्या काठी पिंड ठेवला होता. कावळे समोरच्या वडावर होते, पण खाली उतरत नव्हते. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं धरतात, आणि मग जो तो पुढे होऊन त्याला वचनं देतो. आईला सांभाळू, असं एकजण म्हणाला. पोरीला शिकवू, असं दुसरा म्हणाला. कुणी वडापाव ठेवला, कुणी चहाचा कप. त्याच्या बायकोलाही पुढे ढकललं. ती हात जोडून काहीतरी पुटपुटली. कावळा हलला नाही.

मग चुलतभाऊ मोबाईल आडवा धरून पुढे आला. हे सगळं तो चॅनलसाठी घेत होता. माणसं मधे येत होती म्हणून ओरडला, "मागं व्हा रं सगले, मोबाईलमदी येताव!" पिंडाभोवती दाटी करून उभे असलेले सगळे मागे सरले. जागा मोकळी झाली. आणि हा पठ्ठ्या रडवेल्या आवाजात म्हणाला, "भावा, तुजी सगली गानी काडतो मी. तुजा अल्बम काडतो!"

कावळा उतरला. जागा मोकळी झाल्यावर उतरणार नाही तर काय करणार? पण बायका हुंदके द्यायला लागल्या, म्हाताऱ्यांनी आकाशाकडे बघून हात जोडले. गाण्यात जीव अडकला होता त्याचा, असं ठरलं. मी आजूबाजूच्या दोघातिघांना म्हटलं, अहो, गर्दी हटली म्हणून आला तो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पायातली वहाण काढून पिंडावर फेकलीय.

कावळ्याचीच सही मिळाल्यावर माझ्या नकाराला कोण विचारतो? चुलतभावाने मला मिक्सिंगला बोलावलं. मी म्हटलं, अर्धीकच्ची गाणी मी बाहेर जाऊ देणार नाही, जो गेला तो स्वतः जाऊ देत नव्हता. मग चुलतभावाने स्वतःच्या मोबाईलमधलं होतं नव्हतं ते सगळं गोळा केलं आणि दुसरीकडे नेलं. तिथे त्यांनी मेलेल्याचा आवाज यंत्रातून काढून गुळगुळीत केला, जिथे त्याने शब्द शोधत नुसतं गुणगुणलं होतं तिथे दुसऱ्याच कुणाची कडवी घुसवली, आणि नाव दिलं श्रद्धांजली.

अल्बमची सुरुवात त्याच्या साध्या बोलण्याने होते. "काका, आवाज येतो का?" हा काका म्हणजे मी. माईक लावताना प्रत्येक वेळी विचारायचा तो प्रश्न. खाली हजारो लोकांनी लिहिलंय, "येतो भावा, स्वर्गातून येतो!" जिवंत होता तेव्हा यांच्यापैकी एकालाही तो आवाज आला नव्हता. तेव्हा नक्कल करणारी नाक्यावरची पोरं आता त्याचा चेहरा छापलेले टीशर्ट घालून फिरतात. आमच्या सोसायटीतला एक कॉम्प्युटरवाला मला लिफ्टमध्ये म्हणाला, "त्यातलं शेवटचं गाणं ऐकलंत? काय रॉ पेन आहे!" त्याच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या. मला वाटलं, त्या त्याच्याच डोक्यावर फोडाव्यात.

शेवटचं गाणं म्हणजे तेच. पुसलेलं.

आणि तेच सगळ्यात जास्त चाललं. खरं दुखणं म्हणे. जो माणूस मेला त्याला हे नको होतं, ज्या बाईवर होतं ती जिवंत आहे, याच्याशी कुणाला काही घेणंदेणं नाही. मेलेल्याने शिव्या दिल्या की त्याची कविता होते. लग्नसराईत डीजेवाल्यांनी ते उचललं. पनवेलपासून उरणपर्यंत हळदीला बायापोरी अंगभर हळद माखून "दारात मर" वर नाचत होत्या.

त्याची बायको एका दुपारी माझ्याकडे आली. सोबत पोरगी होती. मला वाटलं बाई चिडलेली असेल. ती चिडलेली नव्हती, नुसती सुकली होती. सोफ्यावर बसली, धाप लागली होती म्हणून जरा थांबली, आणि पोरीला म्हणाली, "काकांना गानं बोलून दाखव. पप्पाचं."

पोरगी उठून उभी राहिली. बापासारखा हात हवेत कापत, ठेक्यात, एकही शब्द न चुकता तिने आपल्या आईला शिव्या दिल्या. "घरात येव नको, दारात मर." मग आमच्याकडे बघून हसली. शाबासकीची वाट बघत होती.

"पप्पाची आटवन म्हनून रोज बोलते," तिची आई म्हणाली. "मी गप बस बोलली की रडते. बोलते, तू पप्पाचं गानं बंद करतेस. काका, तुमी तर पुसलं व्हतं ना? त्यानं मला मागून सांगितलं व्हतं. माफी मागितली व्हती. मग हे कुटून आलं?"

मी तिच्यासमोरच चुलतभावाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "काका, माज्यावर कशाला तापताव? सगली गानी काडीन बोललो तवाच कावला शिवला ना? सगली म्हंजे सगली. एक ठेवलं तर त्याचा आत्मा अडकल." फोन स्पीकरवर होता. तिने ते ऐकलं, पोरीचा हात धरला आणि उठली.

वर्षश्राद्धाला मी जाणार नव्हतो. तिने बोलावलं म्हणून गेलो. अंगणात टीशर्टवाले चाळीसेक चाहते मोबाईल उंच धरून उभे होते. कम्पाऊंडच्या भिंतीवर कावळ्यासाठी पान मांडलं होतं. कावळा येईना. येणार कसा, एवढे हात वर असताना? चुलतभाऊ अशाच वेळेची वाट बघत होता. पुढे झाला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "भावा, आता दुसरा भाग काडतो!" टाळ्या पडल्या. श्राद्धाच्या पानासमोर टाळ्या.

तेव्हा गेलेल्याची बायको घरातून बाहेर आली. सरळ भिंतीशी गेली, पान दोन्ही हातांनी उचललं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "त्याला भूक नाय. भूक तुमाला हाय." पान तिने चुलतभावाच्या पायाशी ठेवलं आणि आत जाऊन दार लावलं. मला वाटलं, झालं, आता तरी यांची मान खाली जाईल. मला बरं वाटलं, अगदी छातीतून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडला तर चुलतभावाचा मेसेज आलेला. सोबत एक तुकडा. मी हेडफोन लावून ऐकला. तिचाच आवाज होता. त्याला भूक नाय. भूक तुमाला हाय. तिच्या वाक्यावर वाक्य घालत, अगदी जवळून, कावळा ओरडत होता. आला होता तर तो, तिच्याकडे बघताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पान उचलल्यावर.

लगेच फोन वाजला. "काका, आयकलं? अंगावर काटा आला ना? वयनीचा हा आवाज दुसऱ्या भागाच्या सुरवातीला घेतो. पब्लिक येडी होईल. फक्त मधी तो कावला वरडतोय ना, तेवडा काडून द्या."