कासव-भुंगेऱ्याचा सौदा

दामले सरांनी मला फसवले. माती, कुंड्या, खत यांचे व्यापारी इतकी वर्षे मला गंडवू शकले नाहीत. वाशीमहून एक पिशवी घेऊन मी पुण्याला आलो आणि धायरीत रोपवाटिका उभी केली ती भाव करून करून. आणि मला फसवले कोणी, तर प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने, ज्यांनी आयुष्यात कधी भाव केला नाही. माझ्याकडचा गुलाब त्यांनी सांगितल्या किमतीला घेतला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पहिली भेट वाटिकेतच झाली. रताळ्याच्या शोभेच्या वेलींची पाने चाळणीसारखी झाली होती आणि मी पाठीवर पंप अडकवून फवारायला निघालो होतो. कुंड्यांच्या मधोमध एक गृहस्थ उकिडवे बसलेले. गळ्यात दोरीने बांधलेले भिंग, नाक जवळजवळ पानाला टेकलेले.

"काय पाहिजे आपल्याला?" मी विचारले.

"शांतता," ते म्हणाले.

मी वाकून पाहिले. पानावर सोन्याचा थेंब पडावा तसा एक किडा बसला होता. डोके दिसेना, पाय दिसेनात, सगळे ढालीखाली. मी बोट लावले तर तो पानाला असा घट्ट चिकटला की नखाने उचलेना.

"कासव-भुंगेरा," सर म्हणाले. "सोन्यावर जाऊ नका, कडा बघा."

कडा काचेसारखी आरपार होती. तिच्यातून पानाची शीर दिसत होती. तिच्या चार कोपऱ्यांत चार तपकिरी डाग, कासवाने पाय बाहेर काढावेत तसे.

"छान आहे. आता बाजूला व्हा, फवारायचंय."

"फवारा की. पण नवीन जात निघाली तर? नव्या जातीला नाव द्यावं लागतं. ज्याच्या जागेत सापडली त्याचंही देतात कधीकधी."

मी पंप खाली ठेवला. माझ्या वाटिकेच्या पाटीवर जागामालकाच्या आईचे नाव आहे. तो भाड्याच्या सौद्याचाच भाग होता. माझे नाव कशावरच नव्हते.

"पूर्ण नाव की आडनाव?"

"आडनाव."

"ढगे."

"लक्षात ठेवतो. पण ओळख पक्की होईपर्यंत फवारणी बंद."

"वेलीपुरती बंद. गुलाबांवर मारणार."

"वारा तुमच्या ऐकण्यातला आहे का, ढगे?"

अशी सगळी फवारणी थांबली. त्या दिवसापासून सर रोज सकाळी येऊ लागले. एकदा त्यांनी मला भुंगेऱ्याची अळी दाखवली. काटेरी, चपटी. स्वतःची विष्ठा आणि टाकलेली कात शेपटीच्या काट्यावर गोळा करून ती छत्रीसारखी पाठीवर धरते.

"घाणेरडा प्रकार आहे," मी म्हणालो.

"तुम्ही लोखंडी गेट लावलंत. तिच्याकडे जे होतं ते तिनं लावलं."

आपला हक्क शाबूत राहावा म्हणून मी एक भुंगेरा काड्यापेटीत घालून कपाटात ठेवला. काही दिवसांनी उघडले तर आत मातकट टिकली. मी तडक सरांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "कोणीतरी माल बदललाय."

"कोणी बदलला नाही, तो मेला. जिवंतपणी पाठीच्या थरांत ओल असते, त्यावर उजेड खेळतो. ओल गेली की सोनं गेलं. डाग मात्र मेल्यावरही राहतात. म्हणून सांगतो, कडा बघा."

मधल्या काळात माझे नुकसान होतच होते. खराडीच्या एका सोसायटीच्या चिटणीसाने वेली परत पाठवल्या. म्हणे पाने फाटकी आहेत. मी त्याला फोनवर झाडले, "ही भोकं नाहीत, संशोधन आहे." सरांकडे तगादा लावला की त्यांचे उत्तर ठरलेले: "तपासणी चालू आहे. अजून मिशांची शेवटची पेरं बघायची आहेत." मिशा झाल्या की पोटाची बाजू, मग पायांची नखे. एवढ्याशा किड्याला इतके अवयव असतील असे मला वाटले नव्हते.

गेल्या थंडीत सर वारले. मी त्यांच्या घरी काकूंना भेटायला गेलो. त्यांनी काचेच्या झाकणाची एक पेटी पुढे ठेवली. "यातलं मला काही कळत नाही. तुम्हाला हवं ते घ्या."

आत टाचण्यांवर ओळीने तपकिरी किडे. सगळे सारखेच दिसावेत असे. पण एकाची कडा आरपार होती. चार कोपरे, चार डाग. खालचा कागद पिवळा पडलेला.

"काकू, हा कधीचा?"

"तो होय? आमच्या लग्नाच्या आधीचा. नव्या मुलांना पहिल्या तासाला हाच दाखवायचे."

सुतकाचे घर आहे हे मी विसरलो. "म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"असणारच. म्हणायचे, ढग्यांना जीवदया सांगून उपयोग नाही, सौदा सांगितला की ऐकतात." मग त्या उठल्या. "चहा घेणार असाल तर आत्ता टाकते. अजून ओरडायचं असेल तर नंतर टाकते."

मी चहा घेतला.

यंदाच्या पावसाळ्यात वेलीवर पुन्हा भुंगेरे आले. पंप दुरुस्त करून आणला होता. फवारण्याआधी सवयीने एकाची कडा पाहिली. पुढच्या दोन कोपऱ्यांत डाग आहेत. मागचे दोन्ही कोपरे कोरे. पान फिरवून पाहिले, उजेडात धरून पाहिले. कोरेच. औषधांच्या दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, मारून टाका. एका कॉलेजात गेलो तर कारकून म्हणाला, अर्ज करा.

ही वेगळी जात आहे की त्याच जातीतला एखादा डाग विसरलेला, मला कळत नाही. फरक दिसावा एवढे सरांनी शिकवले आणि त्याचे नाव सांगायला थांबले नाहीत. पंप तसाच भरलेला पडून आहे आणि वेली कोणी घेत नाही. ज्याला यातले कळते त्याने धायरीला यावे, इथे वेलीपाशी उकिडवे बसावे, आणि सरांच्या वतीने मला उत्तर द्यावे.