फळ्यावरचा दीर्घसूत्री

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात भुईगावातल्या आमच्या आळीच्या वाचनालयाचा फळा माझ्याकडे आला. रोज एक अवघड शब्द अर्थासह लिहायचा, एवढंच काम. शब्दकोश उघडून मी डोळे मिटून बोट ठेवत असे. पहिल्या अकरा दिवसांत पिपीलिका म्हणजे मुंगी, दर्दुर म्हणजे बेडूक, असे प्राणीच निघाले. तक्रार एकही नाही. बाराव्या दिवशी लिहिलं: दीर्घसूत्री, म्हणजे कामात चालढकल करणारा.

दुपारी शिंप्याने माझा सदरा आणून दिला. पाच महिने तो त्याच्याकडे होता. एक बटण कमी होतं. तासाभरात सुतार आला आणि न बोलावता न्हाणीघराचं दार बसवू लागला. शब्द कोणाला उद्देशून नाही, असं मी दोघांनाही सांगितलं. दोघेही "समजलं, समजलं" म्हणाले आणि जाताना फळा पुसायची विनंती करून गेले. मी पुसला नाही. पुसला असता तर कबुली दिल्यासारखं झालं असतं.

शेजारचे दादा मात्र आले नाहीत. सव्वा वर्षापूर्वी चिकू उतरवायला त्यांनी माझी शिडी नेली होती. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आमची विहीर एक, पंप एक, आणि पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. माझी पाण्याची पाळी आली तेव्हा किल्ली सापडत नाही, असा निरोप आला. दुसऱ्या दिवशीही तोच. माझ्या दोनशे दहा केळी माना टाकू लागल्या. बायको म्हणाली, "बेडकांत बरं चाललं होतं तुमचं. माणसांत कशाला शिरलात?"

शब्दकोश काखेत मारून मी दादांच्या ओटीवर गेलो. बोट आपोआप पडलं, हे पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं.

"त्याच्याच खाली दीर्घायुषी आहे. बोट एक ओळ खाली नाही पडलं तुझं?"

मी शब्दकोश मिटला. आधी फळा, मग किल्ली, असं ठरलं. दुसऱ्या सकाळी मी दीर्घायुषी लिहिलं, अर्थासह.

पण शब्द कोणासाठी, हे शोधायची आळीला आता सवय लागली होती. हा आपल्यासाठी आहे, असं दादांनीच चौघांना सांगितलं. धडधाकट माणसाला एकाएकी दीर्घायुष्य कोण चिंततो? मी किल्ली घ्यायला गेलो तेव्हा ओटीवर नऊ माणसं, सात शहाळी, आणि शिंपी दादांचे पाय चेपत होता. मला काही झालेलं नाही, असं ते जितकं सांगत तितकी माणसं जास्त हळहळत. वहिनी चौथ्यांदा चहा टाकत होत्या.

दादांनी मला जवळ बोलावून किल्ली हातात कोंबली. "ही घे. आणि आधी जाऊन 'ठणठणीत' लिही."

मी म्हटलं, तो शब्द अवघड नाही, नियमात बसत नाही.

"तुम्ही लिहा हो भावजी," वहिनी आतून म्हणाल्या. "अवघड आम्हांला झालंय."

मी लिहिला. अर्थ दिला नाही, आणि तडक पंप सुरू करायला गेलो.