रक्तपेढीच्या स्क्रीनवर ‘उपलब्ध नाही’

मित्रांनो, आज दुपारी एका रक्तपेढीतून आमच्या सी-स्कीम भागातल्या ऑफिसात फोन आला. तिथला साठा दाखवणाऱ्या आमच्या प्रोग्रामने ओ निगेटिव्ह रक्त ‘उपलब्ध नाही’ असं दाखवलं होतं. मुलीच्या ऑपरेशनसाठी धावत आलेले वडील हात जोडून म्हणाले, "सिस्टर, एक बार फ्रिज में देख लीजिए." सिस्टरने फ्रिज उघडला, तर आत त्याच गटाच्या रक्ताच्या पिशव्या होत्या. मुलगी वाचली.

मी कोड उघडला. डेटाबेसशी संपर्क तुटल्यावर एक्सेप्शन, म्हणजे बिघाडाची सूचना, आली होती, पण ती हाताळायचा कोड जिथे लिहायचा तो कॅच ब्लॉक रिकामा होता. प्रोग्राम काहीच न सांगता पुढे गेला आणि त्याने रिकामी यादी दाखवली.

"एरर दिसली की क्लायंट ओरडतो रे," तो कोड लिहिणारा नितीन पुटपुटला. मग डबा न उघडताच माझ्या शेजारी बसून त्याने तो दुरुस्त केला.

माहिती मिळालीच नाही, तर तुमचा प्रोग्राम समोरच्या माणसाला काय सांगतो?